दुधातून कळते गाईचे गाभणपण

गाय भरविल्यानंतर ती गाभण राहिली की उलटली, हे वेळीच न कळल्यास पशुपालकाचे नुकसान होते. गाईचा माज सरासरी २१ दिवसांनी येतो. एक माज नजरेतून सुटला की दोन वेतांतील अंतर तीन आठवड्यांनी वाढते. म्हशींमध्ये मुका माज अधिक आढळत असल्याने तेथे ही अडचण विशेष जाणवते.

या प्रश्नाचे उत्तर दुधातही मिळते. माजानंतर बीजांडकोशावर पीतपिंड तयार होतो व त्यातून प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक स्रवते. गर्भ न राहिल्यास पीतपिंड विरतो, संप्रेरकाचे प्रमाण घसरते आणि जनावर पुन्हा माजावर येते. गर्भ राहिल्यास हे प्रमाण वरच टिकते. रक्तातील हे संप्रेरक दुधात उतरते, हे ब्रिटनमधील लेंग व हीप या संशोधकांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. त्यावरून रेतनानंतर २१ ते २४ दिवसांनी दुधाची तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली.

प्रमाण कमी आढळल्यास गाय गाभण नाही, हे जवळजवळ निश्चित समजावे. प्रमाण अधिक आढळल्यास मात्र निष्कर्ष तितका पक्का नसतो. कारण रेतन चुकीच्या वेळी झालेले असू शकते किंवा गर्भ पुढे दगावू शकतो. म्हणून दोन ते तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गाभण तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. गाभणकाळाच्या सुमारे चौथ्या महिन्यापासून दुधात इस्ट्रोन सल्फेट हे दुसरे संप्रेरक वाढते. ते गर्भ व वार यांच्याशी निगडित असल्याने जिवंत गर्भाची खूण मानले जाते.

प्रोजेस्टेरोन स्निग्धांशात विरघळते. त्यामुळे शेवटच्या धारांच्या दुधात ते अधिक असते. नमुने नेहमी एकाच पद्धतीने घ्यावेत.

गाभण गाईचे दूध पिण्यास योग्य आहे काय, असा प्रश्न विचारला जातो. दूध तापविल्याने ही संप्रेरके नाहीशी होत नाहीत, हे खरे; परंतु एक लिटर दुधातील प्रोजेस्टेरोन साधारणतः मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतके असते आणि पोटात गेल्यावर त्याचा बराचसा भाग यकृतात निष्प्रभ होतो. याउलट, स्त्रीच्या शरीरात मासिक चक्राच्या उत्तरार्धात ते दररोज कित्येक मिलिग्रॅम तयार होते.

कोणतीही तपासणी रेतनाच्या अचूक तारखेवाचून व्यर्थ आहे. गावातील प्रत्येक दुभत्या जनावराची अशी नोंद राहावी, याकडे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी लक्ष दिल्यास रिकाम्या जनावरावर होणारा पशुपालकाचा खर्च निश्चितच वाचेल.