घराचा उंबरठा ओलांडताना

वर्षानुवर्षे नियमाने मिस्साला येणारी एखादी व्यक्ती हळूहळू दिसेनाशी होते. आधी ती दाराजवळच्या बाकावर बसू लागते, मग बाहेरच उभी राहते आणि अखेरीस घरीच थांबते. मालवणचा बाजार, एस.टी.चा प्रवास, लग्नकार्ये हीही सुटतात. “श्रद्धा उणावली”, “नजर लागली” असे शेरे आपण सहज मारतो. वास्तविक हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

जिथून चटकन निघता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही, अशा जागांची तीव्र भीती म्हणजे अगोराफोबिया. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘अगोरा’ म्हणजे बाजाराचा चौक. पुष्कळदा त्याच्या जोडीला आरोग्यचिंता असते. छाती धडधडली की हृदयविकार वाटतो, डोके दुखले की मेंदूतील गाठ. तपासणीत काही निघत नाही, चार दिवस बरे जातात आणि शंका पुन्हा डोके वर काढते.

धोक्याची चाहूल लागताच शरीरात अ‍ॅड्रेनालिन स्रवते, हृदय जोराने धडधडते, श्वास वाढतो, घाम फुटतो. धोका नसतानाही हे घडले, तर माणसाला मृत्यूच समोर दिसतो. हा झटका साधारणतः दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो. परंतु त्याआधीच माणूस तेथून निघतो आणि ‘निघालो म्हणून वाचलो’ अशी त्याच्या मनाची समजूत होते. पुढच्या वेळी भीती अधिक बळावते. सतत नाडी पाहणे, घरच्यांना पुनःपुन्हा “मला काही होणार नाही ना?” असे विचारणे, यांनीही तेच घडते.

म्हणून प्रथम डॉक्टरांकडून हृदय, थायरॉईड इत्यादींची एकदा नीट तपासणी करून घ्यावी. त्यानंतर तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने पायरीपायरीने बाहेर पडावे: आज अंगणापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग एस.टी.ने एक थांबा, मग मिस्सात शेवटच्या बाकावर. प्रत्येक पायरीवर भीती ओसरू लागेपर्यंत थांबणे महत्त्वाचे. विचारांची दिशा बदलण्यासाठी अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आहे. गरज भासल्यास डॉक्टर औषधे देतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात व ती मनाने बंद करू नयेत. मद्याचा आधार तर घेऊच नये.

कुटुंबीयांनी रुग्णाची सारी कामे स्वतः करू नयेत, तसेच त्याला जबरदस्तीने ओढूनही नेऊ नये. सोबत चालावे आणि पुढे सोबत कमी करावी. मध्येच एखादा आठवडा वाईट गेला, तरी झालेली प्रगती वाया जात नाही.

उपचारांसाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येईल. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि गोव्यातील बांबोळीची मानसोपचार संस्थाही आपल्याला जवळच आहेत. ज्यांना घराबाहेर पडणेच अशक्य वाटते, त्यांनी शासनाच्या २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करावा. जीव नकोसा वाटत असेल, तर मुळीच विलंब करू नये.

आपल्या वाड्यातील कोणी बरेच दिवस दिसले नसेल, तर या रविवारी त्यांच्या घरी जाऊन यावे. कारण विचारण्याची घाई न करता थोडा वेळ बसावे आणि जमल्यास फाटकापर्यंत सोबत चालावे, अशी आम्ही सर्वांना विनंती करतो.