जुन्या जॉयस्टिकला नवा संगणक ओळखेल का?

माळ्यावरचा गेम कंट्रोलर भंगारात देण्याआधी, किंवा त्याच्यासाठी बाजारात पैसे मोजण्याआधी, तो कोणत्या घराण्यातला आहे हे पाहून घ्या.

बंगळूरच्या कोरमंगला भागात मराठी कुटुंबे आता नवी राहिलेली नाहीत. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला आली. पुढे सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या वाढत गेल्या आणि पुण्या-मुंबईची अनेक घरे इकडे स्थिरावली. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी कोरमंगलात नॅशनल गेम्स व्हिलेज उभे राहिले, तेव्हा शाळेत जाणारी मुले आज स्वतः आईबाबा झाली आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांच्या माळ्यावरून व्हिडिओ गेमच्या कॅसेटी निघतात आणि त्यांच्यासोबत वायर गुंडाळलेली एखादी जॉयस्टिकही.

मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘धूळ खात पडलंय, देऊन टाका.’ दुसरा म्हणतो, ‘थांबा, मुलांना दाखवू या.’ पण दाखवायचे कसे? नव्या लॅपटॉपला ती जोडायला जागाच नसते.

प्रश्न केवळ खेळाचा नाही. एरवी संगणकाच्या बाबतीत मुलेच मोठ्यांना शिकवतात. इथे मात्र वडिलांना किंवा आईला काहीतरी ठाऊक असते आणि मूल शेजारी बसून ते पाहते. अशी संधी वारंवार येत नाही. म्हणूनच थोडी माहिती करून घेतलेली बरी.

अडचण प्लगची नाही, भाषेची

‘प्लग बदलला की झाले’ असे अनेकांना वाटते. तसे नसते. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा जॉयस्टिकसाठी १५ पिनांचे गेमपोर्ट दिले होते. ही जॉयस्टिक संगणकाला आकडा कळवतच नसे. दांडा हलला की रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा आतला भाग फिरे आणि विजेचा अडथळा कमी-जास्त होई. त्या अडथळ्यातून एक छोटा कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, हे मोजून दांडा कुठे आहे याचा अंदाज संगणकच बांधत असे.

१९९६ मध्ये यूएसबी आले आणि रीत पालटली. आता कंट्रोलरने स्वतःची ओळख सांगायची आणि आपली स्थिती आकड्यांत कळवायची. हळूहळू संगणकांवरून गेमपोर्ट नाहीसे झाले. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तर मायक्रोसॉफ्टने त्याचा आधारच काढून घेतला. त्यामुळे मध्ये दुभाषा हवा, म्हणजे आत चिप असलेला अडॅप्टर. नुसत्या वायरी जोडून काम भागत नाही.

आपला कंट्रोलर कोणत्या घराण्यातला?

प्लग नीट पाहिला की निम्मे कोडे सुटते.

१५ पिना, दोन ओळींत : हे गेमपोर्ट. मॉनिटरच्या जुन्या प्लगलाही १५ पिना असतात, पण त्या तीन ओळींत. साध्या जॉयस्टिकसाठी गेमपोर्ट ते यूएसबी अडॅप्टर चालतो. मात्र मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर मालिकेतल्या काही जॉयस्टिक याच प्लगमधून वेगळ्याच भाषेत बोलत. त्यांना साधा अडॅप्टर उपयोगाचा नाही. खरेदीपूर्वी मॉडेलचे नाव पाहाच.

९ पिना : टीव्हीला जोडायच्या आठ बिटच्या खेळांचा हा प्लग. मूळ निन्टेन्डोच्या कंट्रोलरमध्ये एक छोटी चिप आठ बटणांची स्थिती एकामागून एक अशी एकाच तारेवरून पाठवते. भारतात घरोघरी आलेल्या नकली संचांनीही हीच पद्धत उचलली, पण पिनांची मांडणी सगळ्यांची सारखी नाही. म्हणून ‘बसतो तो चालतो’ असे समजू नका. विशेषतः जुन्या संगणकाच्या ९ पिनांच्या सिरीयल पोर्टात हा प्लग मुळीच घालू नका. तिथला विजेचा दाब त्याला सोसणार नाही.

प्लेस्टेशनचा रुंद, चपटा प्लग : इथे काम सोपे आहे. पहिल्या आणि दुसऱ्या प्लेस्टेशनसाठी यूएसबीचे तयार अडॅप्टर मिळतात.

यूएसबी : हा तर थेट लागतो. लॅपटॉपला फक्त टाइप-सी जागा असेल, तर साधा जोड पुरतो.

जोडला, पण खेळ ओळखत नाही

विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल अशी इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर करा. यादीत कंट्रोलर दिसला, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एकेक बटण दाबून पाहा. दांडा मध्यावर राहत नसेल, तर तिथेच कॅलिब्रेट करता येतो.

इथे सगळे ठीक दिसते आणि तरी नवा खेळ दाद देत नाही, असेही होते. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच्या कंट्रोलरची पद्धत पुढे संगणकावरच्या खेळांनी स्वीकारली. त्याआधीचे गेमपॅड जुन्या पद्धतीचे. अशा वेळी कंट्रोलरला दोष देऊ नका. स्टीमवर खेळत असाल, तर त्याच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये कोणते बटण कशासाठी हे ठरवून देता येते.

खर्चाआधी साफसफाई

अनेकदा बिघाड किरकोळ असतो. कंट्रोलर जोडलेला नसताना मागचे स्क्रू काढा. बटणाखालचे रबर आणि खालची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. पूर्ण वाळू द्या. वायर बहुधा प्लगपाशी किंवा कंट्रोलरच्या तोंडाशी तुटते, तिथे वाकवून तपासा.

अडॅप्टर आणि सुटे भाग यांसाठी कोरमंगलातल्या मंडळींना टाउन हॉलजवळचा एस. पी. रोड आहे. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानात जाताना कंट्रोलर सोबत न्या. घरात सोल्डरिंग जाणणारे कोणी असेल, तर आर्डुइनो लिओनार्डोसारखा छोटा बोर्ड दुभाषा बनवता येतो. शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी सुट्टीतला हा उत्तम उद्योग आहे. मात्र तापलेली इस्त्री मोठ्यांच्या हातात असू द्या.

केव्हा थांबावे?

प्लास्टिक तडकले असेल, आतली पट्टी गंजून गेली असेल आणि अडॅप्टरची किंमत नव्या गेमपॅडहून जास्त होत असेल, तर हट्ट धरू नका. तो आठवण म्हणून कपाटात ठेवा. नकोच असेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

पण नुसती वायर निसटली असेल आणि दांडा अजून गुळगुळीत फिरत असेल, तर एक रविवार त्याला अवश्य द्या. यंत्र जुने झाले म्हणजे निकामी झाले असे नाही, हे मुलांना सांगून फारसे पटत नाही. मेलेले बटण डोळ्यांदेखत पुन्हा चालू लागले की लगेच पटते.