मागच्या चाकाला चाळीस स्पोक कशाला?

तलासरीच्या बाजारात जुनी काळी सायकल दिसली की तिचे स्पोक मोजून पाहा. बहुधा पुढे 32 आणि मागे 40 भरतील. ही पद्धत इंग्लंडातून आली, पण पाड्यावरून गवताचा भारा मागे बांधून येणाऱ्याला ती आजही चपखल बसते. सामान मागे, माणसाचं बरंचसं वजन मागे आणि पायडलचा जोरही मागच्याच चाकावर.

बैलगाडीच्या चाकात मधला तुंबा खालच्या लाकडी आऱ्यांवर उभा असतो. सायकलचा स्पोक म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची तार. तिच्यावर नुसता दाब दिला तर ती वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून बसवतात. चाक जमिनीला टेकतं तिथल्या मोजक्या तारांचा ताण उतरतो, आणि चाक पुढे सरकलं की पुन्हा चढतो.

हे किती वेळा घडतं? 28 इंची चाकाचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटरचा. पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाऊन-येऊन प्रत्येक स्पोक दिवसाला जवळपास साडेचार हजार वेळा सैलावतो आणि ताणतो. वर्षातले 200 दिवस धरले तर नऊ लाख वेळा! पुन्हापुन्हा वाकवलेली तार शेवटी तुटते, तसा स्पोकही थकतो आणि हबच्या, म्हणजे सायकलच्या तुंब्याच्या, भोकात अडकलेल्या वाकड्या मानेशी तुटतो. तारा जास्त असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला हिसका कमी येतो. आणि ढिली तार दर फेऱ्याला मानेशी जास्त वाकते, म्हणून घट्ट स्पोकपेक्षा ढिला स्पोक आधी जातो.

स्पोक हबपासून सरळ न निघता तिरके, एकमेकांना छेदत जातात, तेही उगाच नाही. साखळी हबला पीळ देते, आणि तो पीळ रिमपर्यंत पोचवायला तिरकी तारच लागते. जेम्स स्टार्ली या इंग्रज कारागिराने 1874 मध्ये ही युक्ती रूढ केली.

शर्यतीच्या सायकलींना 20 ते 24 स्पोक पुरतात, कारण हलकं चाक आणि वाऱ्याचा कमी अडथळा हेच तिथे मोलाचं. पण त्यातला एक तुटला की चाक लगेच आउट होतं, म्हणजे वाकडं फिरतं, आणि रिमवरचा ब्रेक असेल तर त्याला घासतं. चाळिसातला एक तुटला तर माणूस सहसा घरी पोचतो. खड्ड्यांच्या वाटेला माझं मत चाळिसालाच, निदान 36 ला.

नवी रिम घ्यायला जाल तेव्हा आधी हबची भोकं मोजा. 36 भोकांच्या हबला 40 ची रिम बसत नाही. आणि पावसाळ्याआधी शेजारशेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून पाहा. एखादा ढिला लागला तर त्याच दिवशी चाकाची आउट काढून घ्या.