बाजार माणसांचा की मोटारींचा?

स्वतः रूढ केलेल्या वास्तुप्रकाराचे पितृत्व जाहीरपणे नाकारण्याची पाळी फार थोड्या वास्तुतज्ज्ञांवर येते. व्हिक्टर ग्रूएन यांच्यावर ती १९७८ साली आली. मूळचे व्हिएन्नाचे ग्रूएन नाझींच्या आक्रमणानंतर १९३८ मध्ये अमेरिकेत आले. मिनिआपोलिसजवळ एडायना येथे त्यांनी योजिलेले ‘साउथडेल’ हे बंदिस्त विक्रीसंकुल १९५६ मध्ये खुले झाले आणि जगभरच्या ‘मॉल’चा तो आद्य नमुना ठरला.

ग्रूएन यांच्या मनात व्हिएन्नाचा चौक होता. मोटारीवाचून पाऊल न हलणाऱ्या उपनगरास चालण्याबोलण्याची एक जागा द्यावी आणि तिच्या सभोवती घरे, शाळा, दवाखाने, उद्याने वसवावीत, अशी त्यांची कल्पना होती. दुकाने उभी राहिली. एकसंध वसाहतीचे स्वप्न कागदावरच राहिले. चौकाभोवती पसरला तो सुमारे ५ हजार मोटारींचा वाहनतळ.

या विपर्यासामागे एक साधा हिशेब आहे. एक मोटार उभी करावयाची, तर येण्याजाण्याच्या वाटेसह सुमारे २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. तळ विनामूल्य असला, तरी त्याचा खर्च दुकानाच्या भाड्यात आणि तेथून मालाच्या किमतीत उतरतो; म्हणजे मोटारवाल्याच्या सोयीचा भार पायी आलेले गिऱ्हाईकही उचलते. शिवाय, तळामुळे दुकाने रस्त्यापासून दूर गेली की चालत येणारे घटतात, मोटारी वाढतात आणि तळ पुन्हा अपुरा पडतो.

ग्रूएन यांना उपाय ठाऊक नव्हता असे नाही. १९५६ मध्येच फोर्ट वर्थ शहरासाठी त्यांनी मोटारी कडेच्या तळांवर थोपवून मध्यभाग पादचाऱ्यांना देण्याची योजना मांडली. ती अमलात आली नाही. पुढे ते व्हिएन्नास परतले. तेथील केर्न्टनर स्ट्रासे १९७४ मध्ये पादचाऱ्यांना मोकळी झाली खरी. परंतु १९७६ मध्ये त्याच शहराच्या दक्षिण सीमेवर मोटारींच्या भरवशावर चालणारे प्रचंड विक्रीसंकुलही उघडले!

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. मुंबईत लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात आज मॉल आहे, आणि रेल्वेस्थानक तेथून चालण्याच्या अंतरावर आहे. रस्त्यावरील जागा वाहनांऐवजी माणसांना द्यावी, हे तत्त्व केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच स्वीकारले. तरीही दुकानांच्या क्षेत्रफळाबरोबर किती मोटारींची सोय हवी, याचे कोष्टक नियमावलीत असते; स्थानकापासून दारापर्यंतचा अखंड, सावलीचा पदपथ मात्र तितक्या आग्रहाने मागितला जात नाही. नव्या संकुलाचा नकाशा मंजुरीस येईल तेव्हा नगरपालिकांनी वाहनतळाच्या आधी तो पदपथ तपासावा. पिशवी हाती धरून बसमधून उतरणारी गृहिणीही गिऱ्हाईकच आहे, आणि तिची वाट वाहनतळातून जाता कामा नये.