एन्निन यांची रोजनिशी

परक्या देशाविषयी आपले मत बहुधा घरबसल्याच तयार झालेले असते. तेथे राहिल्यावर ते कसे बदलत जाते, हे जपानी भिक्खू एन्निन यांच्या रोजनिशीत पाहावयास मिळते.

इ.स. ८३८ मध्ये जपानी राजदूतांबरोबर एन्निन चीनला गेले. वय चाळिशीच्या पुढे, पण गेले ते विद्यार्थी म्हणून. लिपी, धम्म, राज्यकारभार हे सारे जपानने चीनकडून घेतलेले. त्यामुळे मनात आदर होता. यांगचौला गाठ पडली ती मात्र सरकारी कागदांशी! थिएनथाई पर्वतावर अध्ययनास जाण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. आपले अर्ज आणि आलेली उत्तरे त्यांनी रोजनिशीत उतरवून ठेवली आहेत. बँकेत रोज अर्ज चाळणाऱ्या माझ्यासारख्याला ती पाने फार ओळखीची वाटतात.

८३९ मध्ये राजदूत परतले; एन्निन शांतुंगमधील कोरियन लोकांच्या विहारात राहिले आणि ८४० मध्ये वूथाई पर्वताकडे पायी निघाले. वाटेत टोळधाडीने पिके गेलेली. कुठे यजमानाने प्रेमाने जेवू घातले, कुठे मागूनही काही मिळेना. दोन्ही गोष्टी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिल्या.

वूथाईवर भोजनदानाच्या वेळी भिक्खू-गृहस्थ, स्त्री-पुरुष, श्रीमंत-गरीब सर्वांना सारखेच वाढले जाई. समोरचा प्रत्येक जण मंजुश्रीच मानायचा, ही तेथील रीत. एन्निन भारावून गेले.

पुढे राजधानी च्यांगआनमध्ये ते सुमारे पाच वर्षे राहिले. तेथे एका दक्षिण भारतीय भिक्खूकडून ते संस्कृत शिकले. परंतु सम्राट वूझोंगने बौद्धांचा छळ आरंभिला. विहारांची संपत्ती, करमाफी आणि 'परकीय धर्म' हा आक्षेप ही त्याची कारणे होती. ८४५ मध्ये ४,६०० हून अधिक विहार पाडले गेले, २,६०,००० हून अधिक भिक्खू-भिक्खुणींची चीवरे उतरवली गेली. एन्निन यांनाही गृहस्थवेशात हद्दपार व्हावे लागले. अशा वेळी त्यांना निरोप देण्यास, वाटखर्चाला हातभार लावण्यास पुढे आले ते चिनी स्नेहीच. त्यांत सरकारी अधिकारीही होते!

८४७ मध्ये ते ग्रंथ घेऊन मायदेशी परतले आणि ८५४ मध्ये हिएई पर्वतावरील संघाचे प्रमुख झाले.

विद्यार्थी मित्रांनो, हुकूम काढणारा सम्राट चिनी होता आणि निरोपाला आलेले स्नेहीही चिनीच होते. एन्निन यांनी दोघांचीही नोंद ठेवली. परदेशी जाल तेव्हा एक कोरी वही अवश्य न्या, आणि पहिल्या पानावरचे मत शेवटच्या पानावर पुन्हा तपासून पाहा.