एक दिवस बाबासाहेबांच्या मुंबईत

दरवर्षी ६ डिसेंबरला आपण दादरला जातो, रांगेत उभे राहून अभिवादन करतो नि रात्री परततो. लेकरांना मात्र गर्दीच आठवते. म्हणून एखाद्या साध्या दिवशीही मुलाबाळांसह निघावे.

बदलापूर किंवा अंबरनाथहूनच सुटणारी लोकल धरावी. बसायला जागा मिळण्याचा संभव अधिक. रविवारी आधी मेगाब्लॉक पाहावा. आम्ही न पाहताच निघालो नि पोरे दोन तास फलाटावर ताटकळली.

दादर पश्चिमेला चैत्यभूमी, पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी घर बांधले, हे तिथे उभे राहून मुलांना सांगावे. पुढे फोर्टमध्ये त्यांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय दाखवावे.

भाजी-भाकरी सोबत घ्यावी, लहानग्यांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. त्या कॉलेजच्या दारात आमची धाकटी म्हणाली, "मी इथं शिकणार." भाडे तिथेच वसूल झाले!