छावणीतल्या निखाऱ्याची दौड

१९८६ सालचा रमजान मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात आला होता. त्याच सुमारास सुदानमधल्या एका मदत छावणीत शेकोटीच्या निखाऱ्यावर एक मशाल पेटवण्यात आली. ती ज्याच्या हाती दिली, तो उमर खलिफा हा सुदानचाच धावपटू. दोन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत तो धावला होता. आता त्याला ती मशाल युरोपातल्या राजधान्यांतून न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या दारापर्यंत न्यायची होती.

मशाल छावणीतून निघाली, याला कारण होतं. पावसाने सलग पाठ फिरवल्याने इथिओपिया आणि सुदान दुष्काळात होरपळले होते. कोर्दोफान आणि दारफूरमधली कुटुंबं गुरंढोरं गमावून, मुलंबाळं घेऊन छावण्यांच्या आसऱ्याला आली होती. अशा ठिकाणी पहिला बळी लहान मुलांचा जातो. भुकेने अंगातली ताकद संपलेली असते. मग साधा गोवर किंवा दोन दिवसांची हगवणसुद्धा मूल घेऊन जाते.

खलिफा शहरांमागून शहरं धावला, लांबच्या अंतरांसाठी विमानात बसला, ठिकठिकाणच्या राज्यकर्त्यांना भेटला. २५ मे १९८६ रोजी, रविवारी, न्यूयॉर्कमध्ये त्याने ज्योत पेटवली आणि त्याच क्षणी जगभरच्या शहरांत लोक दहा किलोमीटर धावायला निघाले. ८० हून अधिक देशांत मिळून सुमारे दोन कोटी माणसं त्या दिवशी रस्त्यावर होती. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. खार्तूममध्ये संध्याकाळचे पाच. इफ्तारला अजून तासाभराहून थोडा जास्त वेळ होता.

‘स्पोर्ट एड’ नावाच्या या उपक्रमाने आपल्या दौडीला नाव दिलं होतं ‘रेस अगेन्स्ट टाइम’, म्हणजे काळाशी शर्यत. तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि ती युनिसेफ व ‘बँड एड’ यांच्यामार्फत आफ्रिकेतल्या कामाला गेली. दोनच दिवसांनी आफ्रिकेच्या संकटावर संयुक्त राष्ट्रांचं खास अधिवेशन सुरू झालं. पाच वर्षांचा कार्यक्रम मंजूर झाला, भाषणं झाली. पण किती मदत देणार, याचा ठोस आकडा श्रीमंत देशांनी दिला नाही. धावणारे वेळेवर पोहोचले, सरकारं मागे राहिली.

त्याच वर्षी आणखी एक मशाल निघाली. १६ सप्टेंबरला न्यूयॉर्कहून सुरू झालेली ‘फर्स्ट अर्थ रन’ हातोहाती ६२ देशांतून फिरली आणि ८६ दिवसांनी, ११ डिसेंबरला, परत न्यूयॉर्कला पोहोचली. युनिसेफच्या स्थापनेला त्या दिवशी ४० वर्षं पूर्ण होत होती. हिचाही निधी मुलांसाठीच होता.

अशा दौडींकडे पाहून कुणी विचारेल, धावून मूल कसं वाचतं? उत्तर मशालीनंतरच्या प्रवासात आहे. कारखान्यातून निघालेली लस मुलाच्या दंडापर्यंत जाते, ती हातोहातीच. विमानतळावरून शीतगृहात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून आरोग्य केंद्रात आणि शेवटी परिचारिकेच्या खांद्यावरच्या बर्फाच्या पेटीत. वाटेत तापमान साधारण २ ते ८ अंशांत राखावं लागतं. एका टप्प्यावर जरी पेटी उन्हात राहिली, तरी आधीच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते. या दौडीत टाळ्या वाजत नाहीत. पण तिच्यातला प्रत्येक धावपटू तितकाच मोलाचा असतो.

दुसरं साधन त्याहून साधं आहे: पाणी, मीठ, साखर. रोजेदाराला दिवस ढळताना घशाला पडणारी कोरड ठाऊक असते. मगरिबची अजान होईल आणि पाणी मिळेल, याची त्याला खात्रीही असते. हगवणीने सुकत चाललेल्या बाळाच्या नशिबी ती खात्री नसते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढंच हे औषध. हीच पाकिटं आणि लसी पुढे युनिसेफच्या मोहिमेचा कणा बनल्या.

ऐंशीच्या दशकात जगात रोज सुमारे ४० हजार लहान मुलं दगावत होती. २०२२ मध्ये वर्षभरात पाच वर्षांखालील ४९ लाख मुलं गेली, म्हणजे दिवसाला सुमारे १३ हजार. आकडा आजही सुन्न करणारा आहे. तरीही लसी, मीठ-साखरेचं पाणी, स्वच्छ पाणी आणि आयांचं शिक्षण यांच्या जोरावर एवढी मजल मारता आली. आणि ज्या सुदानमधून ती मशाल निघाली, तिथे २०२३ च्या एप्रिलमध्ये, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, युद्ध पेटलं. छावण्या पुन्हा भरल्या, आणि त्यांत पुन्हा मुलंच जास्त आहेत.

रमजानमध्ये फित्रा ईदच्या नमाजाआधी देण्याची ताकीद आहे. गरिबाच्या घरीही ईद व्हावी, म्हणून मदत वेळेत पोहोचायला हवी. उशिरा पोहोचलेलं धान्य त्या दिवसाची चूल पेटवत नाही. मुलांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कडक असतो. लस चुकली की गोवर थांबत नाही, पाणी चुकलं की रात्र उलटत नाही. जकातीचा हिशेब मांडताना, सदक्याची रक्कम बाजूला काढताना, आपला पैसा पुढे कोणाच्या हाती जातो आणि कधी पोहोचतो, एवढी चौकशी प्रत्येकाने करावी. त्या दोन कोटी माणसांतल्या एकेकाने दहा किलोमीटरच तर पार केले होते. पुढचं अंतर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला होतं, आणि अजूनही आहे.